कोकिळाबाईंच्या पॉइंटांचा बटवा

मित्रांनो, मी एक जुना बटवा आहे; पण एवढ्यात नाक मुरडू नका. पानसुपारीचे नाडीवाले बटवे असतात ना, त्या कुळातला मी नव्हे. मी विमानातला आहे. त्यातही मागच्या गर्दीतला नाही, समोरच्या पडद्याआडचा, बिझनेस क्लासचा! आज माझी चेन अर्ध्यावर अडकते आणि माझ्या पोटात तंबाखूची पुडी आहे, हे खरं. मोठ्या घरच्यांचेही दिवस फिरतात. तुमचेही फिरतील, हसू नका.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. राखाडी कापड, कडेला चामड्यासारखी तपकिरी पट्टी आणि आतून मऊ अस्तर असं माझं रूप होतं. पोटात एक जोडी पायमोजे, डोळ्यांवर बांधायची पट्टी, कानात घालायचे बोळे, छोटा ब्रश आणि ओठांना लावायचं मलम भरलेलं होतं. मला थेट समोरच्या खुर्चीवर मांडण्यात आलं. ती खुर्ची काय सांगू तुम्हाला! बटण दाबलं की पाठ मागे जायची, पायाखालचा भाग वर यायचा आणि खुर्चीचा चक्क पलंग व्हायचा. तिथे माणसं बसत नसत, पहुडत असत. माझा जन्म अशा लोकांसाठी झाला, याचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे.

त्या खुर्चीत येऊन बसली लीना. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा माधव. माधव पुलगावजवळच्या नाचणगावचा, लीना वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी मेघेची, आणि दोघांची नोकरी अमेरिकेत. दिवाळीला घरी येऊन ती दोघं परत निघाली होती. बसल्या बसल्या लीनाने माझी चेन उघडली, मलम काढून ओठांना लावलं आणि खुर्ची पार आडवी केली.

"मुलं रडत नसतील ना रे?" तिने विचारलं.

"आई हाये ना मागं. तू झोप," माधव म्हणाला.

मागं म्हणजे कुठे, तर विमानाच्या पार शेपटीकडे, संडासाच्या दाराला लागून असलेल्या रांगेत. तिथे माधवची आई, कोकिळाबाई, डावीकडे नातू अर्णव आणि उजवीकडे नात इला घेऊन बसली होती. मुलं आजीजवळ रमतात, असं माधव सगळ्यांना सांगत असे. रमायला त्यांना दुसरी जागा ठेवलीच कुठे होती?

आता ही नवरा-बायको माझ्या राज्यात कशी आली, ते ऐका. विमान कंपन्यांची एक रीत असते. तुम्ही जितके उडाल, तितके पॉइंट तुमच्या नावावर जमा होतात. पॉइंट पुरेसे साठले की त्यांच्यावर समोरची खुर्ची मिळते, आणि ती तुम्ही स्वतःसाठी घ्या नाहीतर दुसऱ्या कुणाला द्या. माधवचे स्वतःचे पॉइंट केव्हाच उडून गेले होते. या दोन्ही खुर्च्या कोकिळाबाईंच्या पॉइंटांच्या होत्या. अर्णवच्या बाळंतपणाला ती गेली, इलाच्या बाळंतपणाला गेली, पाळणाघर परवडत असूनही नको होतं म्हणून पुन्हा गेली. दरवेळी सहा महिने तिकडे, मग घरी, मग परत तिकडे. आणि जितका लांबचा फेरा तितके पॉइंट जास्त, म्हणून माधव आईचं तिकीट मुद्दाम वाकडं काढायचा. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून वाळवंटातलं कुठलंसं शहर, तिथे अर्धा दिवस बाकावर, मग युरोपातलं एखादं गाव, मग अमेरिकेचं भलतंच टोक आणि तिथून उलटं मागे मुलाच्या घरी. बाजारच्या पिशवीलासुद्धा एवढं फिरवत नाहीत हो!

बाईला मात्र याचा केवढा आनंद! ती आळीत सांगायची, "मायं पोरगं मले जग दाखवून राह्यलं." जगातले बाकडे तिने पाहिले होते, हे अगदी खरं आहे.

उतरायच्या थोडं आधी लीनाने मला उचललं आणि माधवच्या मांडीवर टाकलं. "आईंना देऊन टाक. त्यांना असल्या वस्तू आवडतात." मलम तिने ठेवून घेतलं होतं. माधव मला घेऊन पडद्यापलीकडे गेला, आणि मित्रांनो, काय तो वास, काय ती दाटी! माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. कोकिळाबाईच्या एका मांडीवर इला लवंडली होती, दुसऱ्या खांद्यावर अर्णव. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. अशा बाईच्या हातात मी जाणार! माझा तर जीवच गेला.

"आई, हे घे. समोरचं हाये. खास तुयासाठी मागून आणलं," माधव म्हणाला.

"माय वं! किती गोजिरवाणं!" बाईचा चेहरा उजळला. "मले कायले रे? लीनाले ठेव ना."

"तिनंच पाठवलं."

खोटं बोलावं तर असं, निम्मं खरं मिसळून! बाईने मला छातीशी धरलं. तेव्हापासून मी तिचा झालो.

सहा महिन्यांनी बाई मला घेऊन घरी परतली. नाचणगावात माझे चार दिवस चांगले गेले, हे मी नाकारत नाही. बाईने माझ्या पोटात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या, मोबाइल ठेवला, देवाचा अंगारा ठेवला. पायमोजे मात्र तिने कधी घातले नाहीत. "इतके नवे कोरे कोण पायात घालते?" असं म्हणत तिने ते ठेवणीतल्या साड्यांत घडी करून ठेवले. शेजारची धुरपता रोज येऊन मला हातात घ्यायची. "पाहू व बाई तुया इमानातला बटवा!" ती माझ्यावरून अशी बोटं फिरवायची की मला शिसारी यायची, पण कौतुक कुणाला नको असतं? मग बाई सांगायची की हा समोरच्या खुर्चीतला आहे, आणि ती खुर्ची तिच्याच नावाच्या पॉइंटांवर मिळते.

"मंग तू काऊन नाई बसत तिथं?" धुरपताने एकदा सरळच विचारलं.

बाईने मला तिच्या हातातून परत घेतलं. "बसीन ना. पुढच्या खेपेले," ती म्हणाली.

हे नुसतं बोलणं नव्हतं. पुलगावच्या डॉक्टरांनी तिचे पाय दाबून पाहिले होते. बोट दाबलं की तिथे खड्डा पडायचा आणि तो लवकर भरायचा नाही. तासन् तास पाय लटकवून बसू नका, पाणी भरपूर प्या, विमानात जायचंच असेल तर पाय लांब करून जा, असं त्यांनी बजावलं होतं. बाईने मोठा धीर करून मुलाला फोन लावला होता. मी तिच्या मांडीवरच होतो.

"माधवा, डॉक्टर म्हणते पाय लटकवू नोका. मायेच पॉइंट हायेत म्हणते ना तू, तं एक डाव मले बसव ना रे समोर. मले खायले-प्यायले काई नोको त्यायचं. नुसते पाय लांब करीन."

"हो ना आई. तुयेच तं पॉइंट हायेत," माधव म्हणाला. "थोडे भरू दे. पुढच्या खेपेले पक्का."

एवढ्या शब्दावर ती बाई वर्षभर जगली. आळीतल्या प्रत्येकीला तिने सांगितलं की पुढच्या खेपेला मी झोपून येणार. झोपून! माझ्या कापडाला तेव्हाच कळलं होतं की हे काही खरं नाही. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्यांना मी जवळून ओळखतो. मागच्या माणसाची आठवण त्यांना पडदा ओढतानाच काय ती होते.

पुढची खेप आली. बाई पुन्हा वाकड्या वाटेने, शेपटीकडच्या रांगेत बसून अमेरिकेला गेली. जाताना पॉइंट कमी पडले, येताना नक्की, असं ठरलं. तिने सहा महिने मुलांचे डबे केले, आंघोळी घातल्या, रात्रीचा वरणभात कालवून भरवला. मग लीनाच्या भावाचं लग्न निघालं, वर्ध्याला. सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. आणि आता पॉइंट भरपूर होते, बरं का! मी जेवायच्या टेबलावर पडलो होतो आणि माधव मोजून सांगत होता. या पॉइंटांवर दोघांचं जाणं-येणं समोरून होत होतं. नाहीतर तिघांचं जाणं समोरून झालं असतं आणि परतीला सगळे मागे.

लीना म्हणाली, "उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी हळद आहे. मी मागे बसून आले तर तोंड कसं सुजेल माझं! फोटो जन्मभर राहतात."

एकीचं तोंड सुजायचं होतं, दुसरीचे पाय सुजलेले होते. माधवने निवाडा केला. आईला त्याने फार प्रेमाने समजावलं, तेही ऐका.

"आई, त्या खुर्चीचे बटनं लय अवघड असतेत. अन् काट्या-चमच्यानं जेवा लागते. आजूबाजूचे साहेब लोक पाहत राह्यतेत. तुयी फजिती झाली तं मले नाई पाह्यवणार."

बटणं तीन होती, मित्रांनो. तिन्हीवर चित्रं होती.

"होव रे बापा," कोकिळाबाई लगेच म्हणाली. "मले कायले पाह्यजे ते? अन् पोट्टे मायाशिवाय राह्यतेत का कुठं?" मग स्वयंपाकघरात जाऊन तिने मला उघडलं, रक्तदाबाची गोळी काढली आणि बराच वेळ ती तशीच हातात धरून उभी राहिली. चिडायला हवं होतं तिने! आदळआपट करायला हवी होती! पण नाही. गोळी गिळली आणि कणीक भिजवायला घेतली.

त्या प्रवासात मी तिच्या मांडीवर होतो आणि माझ्यावर इला झोपली होती. मला चेपून मारलं त्या पोरीने. पण बाई जागची हलली नाही, पोर उठेल म्हणून. पाणीही प्यायली नाही. आर्वीच्या एसटीत बसायचं तर सकाळपासून पाण्याला शिवायचं नाही, कारण वाटेत बायामाणसांची सोय नसते. ही तिची उभ्या जन्माची सवय. संडास पाठीमागे दोन हातांवर होता, तरी तिने पेला तोंडाला लावला नाही. हवाई सुंदरी पाणी घेऊन आली की ती हसून मान हलवायची. शहाणपणा शिकवायला तिथे कोण होतं? शिकवणारे समोर पहुडले होते.

एकदा मात्र पाय फारच ठणकला. इलाला तिने अलगद खुर्चीवर निजवलं, मला हातात धरलं आणि खुर्च्यांना धरत धरत ती पुढे पडद्यापर्यंत गेली. पडदा जरासा सरकलेला होता. आत माधव आडवा झोपला होता, पाय ताणून, गळ्यापर्यंत मऊ पांघरूण. माझ्यासारखाच एक नवाकोरा बटवा त्याच्या उशाशी होता. हवाई सुंदरीने बाईला हात जोडून मागे जायला सांगितलं.

बाई वळली. "झोपला माया राजा," ती आपल्याशीच म्हणाली. "लय थकते बिचारा."

अहो, काय म्हणावं या बाईला! मला तर संताप संताप आला. त्या पडद्याआडचा मी, तिथे माझी जागा होती, आणि ही बाई ज्या खुर्चीची मालकीण होती तिच्या दारातून परत फिरताना मुलाच्या झोपेचं कौतुक करत होती.

घरी पोचल्यावर माधव, लीना आणि मुलं सावंगीला लग्नघरी गेली. बाई नाचणगावात राहिली. पाय एवढे सुजलेत तर लग्नात कशी मिरवणार, असं तिलाच वाटलं. हळदीच्या दिवशी सकाळी ती अंगणात उभी होती आणि एकाएकी तिला श्वास घेता येईना. धुरपता भांडी टाकून धावली. "काऊन व बाई? काय होऊन राह्यलं तुले?" बाईला बोलता येत नव्हतं. धुरपताने गाडी बोलावली, मला काखेत मारलं, कारण गोळ्या माझ्या पोटात होत्या, आणि बाईला सरळ सावंगीच्या दवाखान्यात नेलं.

लग्नघरातून बोलावून घेतलेल्या माधवला समोर उभं करून डॉक्टरांनी सांगितलं, "पायात रक्ताची गाठ झाली होती. ती वर फुप्फुसात गेली आहे. फार वेळ बसून होत्या का या?"

"नाही, नॉर्मल," माधव म्हणाला. "विमानात सगळेच बसतात तेवढंच."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. फक्त म्हणाले की भेटून घ्या, आशा थोडी आहे.

माधव रडला नाही असं मी म्हणणार नाही. भिंतीकडे तोंड करून तो थोडा रडला. मग हळदीच्या साडीतच लीना आली आणि त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "माधव, राग मानू नकोस. मी आत्ता त्या कंपनीचा नियम वाचला. माणूस गेलं की त्याच्या नावाचे पॉइंट बुडतात. आपलं परतीचं अजून काढलेलं नाही. आत्ता त्यांनी केला त्या प्रवासाचेही जमा झालेत."

ज्या प्रवासाने ती मरणाला टेकली होती, त्याचेही पॉइंट आले होते. कंपनी मोठी चोख.

दुपारी भेटायची वेळ झाली. आत एकालाच सोडत होते. धुरपता दारातून मागे सरली. "तू जाय बापू, तुयी वाट पाहून राह्यली ते," ती म्हणाली. माधव आत आला. नर्सने मला आधीच उशाशी आणून ठेवलं होतं. नाकातोंडावर मुखवटा लावलेली कोकिळाबाई डोळे मिटून पडली होती. अखेर ती पाय लांब करून झोपली होती.

माधव स्टुलावर बसला. त्याने आपला फोन काढून तिकिटाचं पान उघडलं, दोन खुर्च्या निवडल्या आणि बटण दाबलं. पॉइंट आईच्या नावावर, म्हणून खात्री करायचा आकडा, तो ओटीपी, आईच्या मोबाइलवर आला. माझी चेन उघडून त्याने माझ्या पोटात हात घातला आणि मोबाइल काढला. तो बाईच्या अंगठ्याशिवाय उघडत नसे.

मग माधवने आईचा हात हातात घेतला.

बाईने डोळे उघडले. समोर मुलगा, आणि त्याच्या हातात आपला हात! तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे वाहू लागलं. तिच्या अंगात जेवढी ताकद उरली होती तेवढी एकवटून तिने त्याची बोटं घट्ट धरली.

"ढिला सोड जरा, आई," माधव हळूच म्हणाला.

त्याने अंगठा काचेवर टेकवला. मोबाइल उघडेना, अंगठा घामाने ओला होता. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि आईचा अंगठा पुसला. हळुवार पुसला, नीट, नखाच्या कडेपर्यंत. फुंकर घातली. बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. पुन्हा टेकवला आणि मोबाइल उघडला. आकडा टिपला गेला. दोन खुर्च्या पक्क्या झाल्या.

त्याने हात सोडवू पाहिला तर ती सोडेना. मुखवट्याआडून म्हणाली, "बस ना जराशीक."

"आलोच आई. डॉक्टरसंग बोलून येतो," माधव म्हणाला आणि एकेक बोट उलगडून निघून गेला. मोबाइल त्याने पुन्हा माझ्या पोटात ठेवला. चेनही लावली. नीटनेटका मुलगा.

तो आला नाही, धुरपता आली. बाईने तिला खूण करून जवळ बोलावलं. "धुरपता," ती धापा टाकत म्हणाली, "माया माधवनं आज माया हात धरला व. आंगठा पुसून देला. फुंकर घातली." एवढं बोलून तिने डोळे मिटले. संध्याकाळी ती गेली. तिच्या तोंडावर असं समाधान होतं की नर्ससुद्धा थबकून पाहत राहिली.

तेरवी आटोपली. घर आवरताना लीनाने मला दोन बोटांत धरून बाहेर ठेवलं. "हा मळका बटवा टाकून द्या," ती म्हणाली, "परत जाताना नवा मिळेलच." धुरपताने मला उचललं. मोबाइल माधवने नेला, गोळ्या नालीत गेल्या, आणि माझ्या पोटात तंबाखू आली. तंबाखूचं मला आता काही वाटत नाही. मला वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. धुरपता ओट्यावर बसली की मला काढते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पोरगं असावं तं कोकिळाच्या माधवसारखं! मरत्या मायचा हात धरून बसला होता. आपल्या रुमालानं आंगठा पुसला त्यानं. हा बटवा तिथंच होता, इचारा त्याले." सगळे माना डोलावतात. आळीतल्या बाया आपापल्या पोरांना माधवचा दाखला देतात. मला तोंड आहे, पण ते चेनचं. ते उघडलं की फक्त तंबाखू बाहेर येते.

बटव्याला जपा, त्याची चेन ओढू नका, असं सांगून मी तुमची रजा घ्यायला हवी. आम्हा जुन्या वस्तूंची तशी रीत आहे. पण मला कुणी जपावं अशी माझी आता इच्छा राहिलेली नाही. मित्रांनो, एकच मागणं आहे. आईचा हात कधी हातात घ्याल, तर दोन्ही हातांनी घ्या.